ज्याचा टोप मोठा

नाटकातला राजा पाठीमागून कसा दिसतो, हे वाघबोडीत खैरुनबाईइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढून भरजरी अंगरखा आणि काचमण्यांच्या माळा. मागून उसवलेली शिवण, चार टाचण्या आणि मानेवरून ओघळणारा घाम. खेळ तिनं कधी पुढं बसून पाहिलाच नाही. पडद्यामागं आपल्या पेटीवर बसायची, कारण राजा असो की राक्षस, त्याच्या डोक्यावरचे केस तिच्या हातचे असायचे. नाटकवाले त्याला टोप म्हणतात.

वाघबोडी म्हणजे पोंभुर्ण्याहून तीन कोसांवरचं, चांदा जिल्ह्याच्या झाडीतलं गाव. धान निघालं की या मुलखात दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. खैरुनबाईचा नवरा जहीर नटांचे चेहरे रंगवायचा. पेटी घेऊन गावोगाव हिंडायचा, लोक त्याला ‘उस्ताद’ म्हणायचे, आणि टोपाची वाहवा झाली की तो छातीवर हात ठेवून मान लववायचा. टोप घरी कोण विणतं, हे त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानंही आपणहून कुणाला सांगितलं नाही. सहा वर्षांमागं तो तापानं गेला. त्या साली नाटकवाले हळहळले, की आता टोप मिळायचे नाहीत. खैरुनबाईनं दारात उभं राहून ऐकून घेतलं आणि विचारलं, किती पायजे आणि कधी पायजे.

काम मोठं किचकट. गावातल्या बाया विंचरलेले केस गुंडाळी करून भिंतीच्या फटीत खोचून ठेवत. खैरुनबाई सुया, पोत, फिती देऊन ते गोळा करायची. कुणी नवसाचे कापलेले लांब केस आणून देई. मग रिठ्याच्या पाण्यात भिजवणं, चार-चार पाण्यांतून काढणं, उन्हात वाळवणं, फळीवर ठोकलेल्या खिळ्यांतून विंचरणं. दोन खुंट्यांना दोरा ताणायचा, त्यात केसांची बट-बट विणायची आणि ती झालर मांजरपाटाच्या टोपीवर मानेकडून वर शिवत न्यायची. कुरळे हवे असतील तर ओले केस बांबूच्या काड्यांवर गुंडाळून ठेवायचे. सगळ्याची मेख पाण्यात. केस नीट धुतला नाही तर आठ दिवसांत वास मारतो, आणि वास मारणारा टोप राजाच काय, राक्षसही घालत नाही.

आणि त्या साली पाणीच बंद झालं होतं. बंद करणारे होते लटारूजी मालगुजार.

मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करायचा आणि जमीन-तलाव ताब्यात ठेवायचा पिढीजात हक्क, सरकारनं काढून टाकल्याला तेव्हा तीन वर्षं होत आली होती. तलाव सरकारजमा झाला होता, तसा कागद चावडीत आला होता, शाळेच्या मास्तरांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला होता. लटारूजींनी तो इतरांसारखाच मान डोलवत ऐकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर जाऊन, कुणी कुठल्या घाटावर उतरायचं याचे हुकूम सोडले. गावानं ते पाळले. तीन पिढ्या वाकलेली कंबर कागदानं सरळ होत नाही. लटारूजींना बाकी करण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळं हुकूम वाढतच गेले. दसऱ्याला एक नवा निघाला, की खैरुननं तलावात केस धुवायचे नाहीत. मुडद्याचे केस की कुणाचे, तलाव विटाळते.

कोतवाल वारलूनं हा हुकूम तिच्या दारात आणला तेव्हा तो तिच्याकडं बघतही नव्हता. नदी दोन कोसांवर. खैरुनबाईचे गुडघे धरलेले. दिवाळीनंतर चार गावांची मागणी आली आणि परसात न धुतलेल्या केसांची तीन पोती साचली. नाटकवाल्यांना वेळेवर टोप मिळाले नाहीत तर ते नागपूरहून आणतील, आणि एकदा तिकडची सवय लागली की तिला कोण विचारणार? मग उरेल अहेरीला भावाच्या दारात जाऊन पडणं. भाऊ बाबूभाई चांगला होता. भावजय ताट वाढताना भांडं आपटायची. दोन दिवसांच्या पाहुणपणातच खैरुनबाईनं तो आवाज पुरता ओळखला होता.

मार्गशीर्षात मालगुजारांनी तिला वाड्यावर बोलावलं. डोक्याचं माप घ्यायला. शंकरपटाच्या नाटकात राजा तेच व्हायचे. चौदा वर्षं तेच होत आले होते. आवाज फाटका, पाठांतर नाही, पण वाघबोडीत राजाचं काम दुसऱ्या कुणी मागितलं नव्हतं, जसं त्यांच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं नव्हतं.

ओसरीत देवाजी मास्तर बसले होते. नाटक त्यांनीच लिहिलेलं, दानसेन नावाच्या एका उदार राजाचं. खैरुनबाई दोरा घेऊन मालगुजारांच्या मागं उभी राहिली. मालगुजारांना मास्तरांकडून काहीतरी काढून घ्यायचं होतं, ते घसा खाकरत होते. शेवटी निघालं. चांद्याचे एक बडे साहेब शिकारीच्या दौऱ्यात वाड्यावर चहाला थांबले होते, आणि जाताना सोबतच्याला म्हणाले होते, हे म्हणजे इथले बिगविग. हा शब्द मालगुजारांनी पंधरा दिवस तोंडात गुळाच्या खड्यासारखा घोळवला होता. अर्थ मात्र कुणाला विचारायची सोय नव्हती.

“बडं प्रस्थ,” मास्तर म्हणाले. “ज्याचा दबदबा आहे असा माणूस. थोडं थट्टेनंही म्हणतात.”

थट्टेचं मालगुजारांनी ऐकलं नाही. दबदबा ऐकला. शब्द कुठून आला ते सांगा म्हणाले. मास्तरांना शिकवायला मिळालं की थांबवणं अवघड. ते सांगू लागले, की विग म्हणजे टोप, ही बाई करते तसाच. तीनशे वर्षांमागं फ्रान्सच्या एका राजाचे केस गळले. त्यानं टोप चढवला. राजानं घातला म्हणून दरबारानं घातला, मग इंग्लंडातल्या राजानं, सरदारांनी, न्यायाधीशांनी. टोप महाग, म्हणून जितका माणूस श्रीमंत तितका टोप मोठा. पुढंपुढं खांद्याखाली, छातीपर्यंत. लोक रस्त्यात टोप बघूनच बाजूला व्हायचे. तेव्हापासून बडा माणूस म्हणजे मोठा टोप, बिगविग.

“म्हणजे,” मालगुजार सावकाश म्हणाले, “ज्याचा टोप मोठा, तो मोठा.”

“तेव्हा. आता टोप गेले, नुसता बोल राह्यला.”

खैरुनबाईचा हात थांबला होता. तिनं विचारलं, “गुरुजी, ते केस कोणाचे राहत?”

“गरिबांचे. खेड्यातल्या बाया कापून विकत.”

“अन् या मोठ्या लोकाईचे सोताचे?”

मास्तर हसले. ते काढून टाकलेले असायचे. टोपात उवा व्हायच्या, म्हणून पुष्कळ जण खाली डोकं तासून ठेवत. टोप उवांनी भरला की परत कारागिराकडं, लिखा उकळून काढायला.

“बाप्पा. म्हणजे मोठेपन उकळत टाका लागे.”

मालगुजारांनी मान वळवून पाहिलं. तिनं ती दोन बोटांनी पुन्हा सरळ केली, मापाला हललं तर टोप तिरपा बसतो म्हणाली. मास्तर रंगात आले होते. वरून पांढरी पूड मारायचे, म्हणाले, कणकेच्या सत्त्वाची. लोकांना भाकरी नाही आणि यांच्या डोक्यावर पीठ. खैरुनबाईला ते खरंच वाटेना. खायाचं पीठ, असं तिनं दोनदा विचारून घेतलं.

मालगुजारांचं लक्ष कधीच दुसरीकडं गेलं होतं. शंकरपटाला तेच साहेब येणार होते. यंदाचा टोप असा झाला पाहिजे, त्यांनी हातानं दाखवलं, इथवर. हात कमरेपाशी थांबला. आजवर कोणत्या गावच्या राजानं घातला नसेल एवढा.

“तेवढ्याले दहा-बारा बायांचे केस लागतीन, मालक.”

“लागू दे.”

“धुवाले पानी लागन. तलावावर बसू द्या चार दिवस.”

“तलावात नाई. नदीवर जा.”

“तुमच्या डोस्क्यावर चालते, अन् तलावात नाई चालत?”

“नाटकाची गोष्ट न्यारी,” मालगुजार म्हणाले. मास्तरांकडं पाहून हसलेही, जसं लहान पोराच्या प्रश्नाला हसतात. मास्तरांनी नाटकाची वही चाळायला घेतली. बिगविगचा इतिहास सांगताना त्यांची जीभ अशी काही चालली होती. सरकारजमा तलावाची गोष्ट तिच्या टोकावर आली तेव्हा ती वहीत शिरली.

खैरुनबाई नदीवर गेली. सुकरी नावाची गोंडाची बाई तिच्यासोबत पोतं उचलायला यायची. वाटेत सुकरीनं विचारलं, असल्या माणसासाठी एवढं काऊन करून राह्यली वो? वास मारनारा टोप दे त्याले. खैरुनबाई म्हणाली, टोप त्याचा कुठी हाये, टोप माहा. खराब झाला तर लोक म्हनतीन, खैरुनचा हात गेला. पण चौथ्या खेपेला तिचा उजवा गुडघा असा सुजला की सुकरीनं तिला पाठुंगळी घेऊन घरी आणलं. परसातली तीन पोती तशीच राहिली. धुऊन झाले ते फक्त मालगुजारांच्या डोक्यापुरते.

टोप झाला मात्र अचाट. तेरा बायांचे केस होते त्यात. पाठीवर लाटांसारखे वळसे, कमरेशी गुंडाळ्या, कपाळावर दोन झुपके. सागाच्या ठोकळ्यावर चढवून ठेवला तेव्हा घरात कुणी परकं माणूस पाठ करून बसलंय असं वाटे.

आता वाघबोडीच्या एका रिवाजाविषयी सांगायला हवं. तो शेजारच्या गावात नव्हता, तिथले लोक त्याला हसत. रात्रभर नाटक झालं की सकाळी राजा मंचावरच, टोपासकट, खुर्चीवर बसायचा. गाव समोर. ज्याला जे मागायचं ते त्यानं मागावं, आणि जोवर डोक्यावर टोप आहे तोवर राजानं नाही म्हणू नये. पाळीवरल्या चिंचेच्या बुंध्यावर ऊन आलं की टोप उतरवायचा, राज संपलं. त्याआधी ज्यानं स्वतःच्या हातानं उतरवला त्यानं राज सोडलं. त्याला गावात पुन्हा राजा करायचं नाही. असं कुणी केल्याचं म्हाताऱ्यांनाही आठवत नव्हतं. कशाला करील? लोक शहाणे होते. एक दिवसाची बैलजोडी मागत, छपराला गवत मागत, मोहफुलांचं टोपलं मागत. मालगुजार हात पसरून ‘दिलं’ म्हणत, आणि उदारपणाचं एवढं समाधान त्यांना वर्षभर पुरे.

खैरुनबाईनं आजवर काही मागितलं नव्हतं. ती टोप आवरण्यात असायची.

नाटकाचं काय सांगावं. टोप इतका जड, की दानसेन राजाला मान वळवता येईना. प्रधान डावीकडून बोलला की राजा अख्खा वळायचा, चाकाला खुट्टी लावून छकडा फिरवावा तसा. केस तोंडात जायचे. एका प्रवेशात राणी झालेल्या इतवारी सुताराचा पाय टोपाच्या शेवटावर पडला आणि राजा आकाशाकडं तोंड करून प्रेमाचं बोलला. साहेब पहिल्या रांगेतल्या खुर्चीत दुसऱ्या अंकापासून झोपले होते. मालगुजारांना पुढून दिसलं ते एवढंच, की साहेब तल्लीन होऊन मान डोलवतायत.

सकाळी साहेबांना उठवून चहा दिला. मालगुजार खुर्चीवर बसले, टोप दोन्ही हातांवरून खाली सोडलेला. मागणं सुरू झालं. सोमारीनं दोन पेंढ्या गवत मागितलं. दिलं. लच्छूनं जोडी मागितली. दिली. प्रत्येक वेळी मालगुजार आधी साहेबांकडं बघत, मग हात पसरत. मास्तर वाकून साहेबांना रिवाज समजावत होते, साहेब हं हं करत जीपच्या ड्रायव्हरला शोधत होते.

खैरुनबाई पडद्यामागून आली. गुडघ्याला फडकं बांधलेलं. मंचाखाली उतरायला तिला सुकरीचा खांदा धरावा लागला. ती वळून राजासमोर उभी राहिली. काय मागणार ते सगळ्यांना कळलं. मालगुजारांनाही. नाही म्हणता येणार नव्हतं, साहेबांदेखत. आणि दिलं म्हटलं, तर दसऱ्यापासूनचा हुकूम एका टोपवालीसाठी मोडला असं झाडीभर होणार होतं.

त्यांनी चिंचेकडं पाहिलं. ऊन अजून शेंड्यावरच होतं.

“झालं आता,” ते म्हणाले. “ऊन आलं.”

“नाई आलं जी,” मागून शकुबाई म्हणाली. गावातली सगळ्यात म्हातारी. “मले दिसून नाई राह्यलं त तुमाले कसं दिसलं?”

काहीजण हसले. खैरुनबाईनं हात जोडले. “मालक, मले—”

पुढचं बोलायला तिला वेळच मिळाला नाही. मालगुजारांनी दोन्ही हातांनी टोप धरला आणि ओढला. आकडे तुटून उडाले. तेरा बायांचे केस मंचाच्या फळ्यांवर पडले, आणि वर राहिलं ते दमट, गुळगुळीत, कानाशी काजळाची रेघ फुटलेलं एक डोकं. साहेबांनी चहाची बशी खाली ठेवली आणि हसू लपवायला रुमाल काढला.

“आता माग,” मालगुजार म्हणाले. धापा टाकत होते, पण चेहऱ्यावर डाव जिंकल्याचा आनंद होता. “माग, कोणाले मागतेस त.”

मग शकुबाईच बोलली, कुणाला उद्देशून नाही, सकाळची थंडी आहे म्हणावं तशी.

“राज सोडलं यानं.”

मालगुजारांना तेव्हा उमगलं असावं. त्यांचा हात खाली टोपाकडं गेला. पण तोवर खैरुनबाईनं तो मंचावरून ओढून घेतला होता. तिनं त्याला झटकलं, उलटा केला, आतल्या मांजरपाटावर बोट फिरवलं.

“मागाले त काई राह्यलंच नाई,” ती म्हणाली. “टोप माहा हाये. घामानं भरला. धुवा लागते.”

आणि ती निघाली. लंगडत, टोप बाळासारखा खांद्यावर टाकून, सरळ पाळीच्या वाटेनं.

मालगुजार ओरडले, “वारलू, थांबव तिले.”

कोतवाल वारलू मंचाच्या कोपऱ्यात काठी घेऊन उभा होता. गेली वीस वर्षं त्या घराचे हुकूम त्यानं गावभर पोचवले होते, निम्मे डोळे मिटून. त्यानं काठी या हातातून त्या हातात घेतली.

“कोनाच्या नावानं थांबवू, मालक?” तो म्हणाला. “तलाव सरकारचा. राज होतं, ते तुमीच उतरवलं. मले सांगा, कोनाचं नाव घेऊ?”

मालगुजारांनी साहेबांकडं पाहिलं. साहेब उठले होते. कार्यक्रम छान झाला, असं त्यांनी मास्तरांना सांगितलं, आणि जीपकडं चालू लागले. चौदा वर्षांचा राजा अंगरख्यात उभा होता, बोडका, आणि त्याच्या अंगरख्याची मागची शिवण आता पुढं बसलेल्यांनाही दिसत होती.

घाटावर खैरुनबाई पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरली. गार पाण्यानं गुडघ्याला बरं वाटलं असणार, कारण ती बराच वेळ नुसतीच उभी राहिली. मग सुकरीला म्हणाली, आलोच हाओत त पोतेही घेऊन ये. सुकरी एकटी गेली आणि परतताना तिच्या मागं पाच बाया होत्या, एकेका पोत्याला दोघी. रिठे फुटले, फेस झाला. मास्तर पाळीवर येऊन उभे राहिले आणि म्हणाले की चावडीतला तो कागद ते पुन्हा एकदा वाचून दाखवणार आहेत. खैरुनबाईनं वर न बघता सांगितलं, “वाचा गुरुजी. पन जरा उन्हातून बाजूले व्हा. केस वाळवाचे हायेत.”

दुपारपर्यंत पाळीवरल्या सगळ्या झुडपांवर केस पसरले होते, काळे, पिंगट, पांढरे. वाऱ्यानं एखादी बट उडाली की बाया धावून पकडत होत्या. मालगुजारांच्या ओसरीतून पाळ समोरासमोर दिसते. त्या दिवशी वाड्याचं दार सकाळीच लागलं ते दिवे लागेपर्यंत उघडलं नाही. खैरुनबाईचे केस मात्र तीन दिवस तिथंच वाळत होते. चौथ्या दिवशी तिनं खुंट्यांना दोरा ताणला, कारण पहिला टोप पौषाच्या पुनवेला द्यायचा होता आणि उशीर व्हायचाच तेवढा होऊन गेला होता.